हॅमिल्टनियन सॅम्पलर हाताने बांधताना: कामाच्या नोंदी

८ जानेवारी

काम असं: हॅमिल्टनियन मॉन्टे कार्लो सॅम्पलर, म्हणजे संभाव्यतेच्या वितरणातून यादृच्छिक नमुने काढणारा प्रोग्राम, पायथॉनमध्ये स्वतः लिहायचा, साध्या गॉसियनपासून (घंटेच्या आकाराचं वितरण) सुरुवात करून एका छोट्या न्यूरल नेटवर्कपर्यंत न्यायचा. तयार लायब्ररी उत्तम आहेत, रोजच्या कामाला त्याच वापराव्यात. पण त्या अडल्या की नेमकं काय अडलं हे कळायला आतली गती एकदा डोळ्यांनी पाहिलेली असावी लागते. तेवढ्यासाठी हा खटाटोप.

कल्पना भौतिकशास्त्रातून आली. १९८७ मध्ये डुएन, केनेडी, पेंडल्टन आणि रोवेथ यांनी क्वार्कांच्या गणितासाठी ही पद्धत मांडली आणि नव्वदच्या दशकात रॅडफर्ड नील यांनी ती न्यूरल नेटवर्कच्या बेझियन गणनेत आणली, जिथे पॅरामीटरची एकच किंमत न शोधता त्यांचं संपूर्ण वितरण काढतात. पॅरामीटर म्हणजे कणाचं स्थान. वितरणाच्या घनतेचा लॉग उणे चिन्हासह घेतला की ती स्थितिज ऊर्जा. त्याला यादृच्छिक संवेग द्यायचा, कण थोडा वेळ फिरू द्यायचा आणि तो जिथे पोचेल ती जागा नवा प्रस्ताव म्हणून घ्यायची. वाटेत एकूण ऊर्जा किती बदलली त्यावरून मेट्रोपोलिसचा स्वीकार-नकार: ऊर्जा जितकी वाढली तितकी स्वीकाराची शक्यता कमी, नाकारलं तर कण जुन्याच जागी. अशा लागोपाठच्या जागा म्हणजे साखळी.

खर्च मी मिनिटांत मोजणार नाही, कारण मिनिटं यंत्रागणिक बदलतात. ग्रेडियंट, म्हणजे ऊर्जेचा उतार, किती वेळा काढावा लागला, तोच खर्च.

ग्रेडियंट आधी छोट्या फरकांनी पडताळून घेतला. जुळला. पुढे.

१० जानेवारी

पहिला प्रयत्न ऑयलरच्या साध्या पद्धतीने: स्थान आणि संवेग दोन्ही जुन्याच किमतींवरून एकदम पुढे ढकलायचे. एकमितीय प्रमाण गॉसियनवर, ०.१ ची पायरी घेऊन. ऊर्जा दर पायरीला बरोबर १.०१ पट होत गेली, म्हणजे शंभर पायऱ्यांत सुमारे २.७ पट. कण वर्तुळात फिरायच्या ऐवजी बाहेर बाहेर जाणारी सर्पिल वाट धरतो. पायरी लहान केली तर वाढ मंदावते, थांबत नाही.

तिथे लीपफ्रॉग बसवला: संवेगाची अर्धी पायरी, स्थानाची पूर्ण, पुन्हा संवेगाची अर्धी. रेणूंच्या हालचालींच्या गणनेत १९६७ पासून व्हर्लेच्या नावाने हीच पद्धत चालते. ग्रेडियंटचा खर्च जवळपास तोच, कारण शेवटचा ग्रेडियंट पुढच्या पायरीला वापरता येतो. वागणूक मात्र पूर्ण वेगळी.

हे एकदा हाताने करून बघण्यासारखं आहे. पायरी मुद्दाम मोठी, १ घ्या. स्थान १, संवेग ०. एका पायरीनंतर स्थान ०.५, संवेग −०.७५. दुसरीनंतर −०.५ आणि −०.७५. तिसरीनंतर −१ आणि ०. खरी ऊर्जा ०.५ वरून ०.४०६२५ वर उतरते, तिथेच राहते आणि परत ०.५ होते. चूक आहे, पण ती साचत नाही. संवेगाचा वर्ग अधिक स्थानाच्या वर्गाचे तीन चतुर्थांश, ही बेरीज मात्र प्रत्येक पायरीला ०.७५ च येते. म्हणजे लीपफ्रॉग आपली ऊर्जा राखत नाही, तिच्या शेजारची एक दुसरी ऊर्जा काटेकोर राखतो. पायरी लहान केली की ही शेजारची ऊर्जा खऱ्या ऊर्जेला येऊन भिडते. मला या संपूर्ण विषयात याहून देखणी गोष्ट दिसलेली नाही.

१३ जानेवारी

एकही नमुना काढण्याआधी गतीच्या दोन चाचण्या कायमच्या लिहून ठेवल्या.

पहिली, उलट प्रवास. कण पुढे न्या, संवेगाचं चिन्ह बदला, तेवढ्याच पायऱ्या चालवा. तो सुटला तिथेच परत यायला हवा. दुहेरी अचूकतेत फरक दशांश चिन्हानंतर दहा-बारा शून्यांनी सुरू झाला तर ठीक.

दुसरी, घनफळ. सुरुवातीच्या बिंदूला सर्व दिशांनी किंचित धक्के देऊन शेवटच्या बिंदूचा जेकोबियन (कोणत्या धक्क्याने शेवट किती सरकतो त्याचं कोष्टक) काढा. त्याचा डिटर्मिनंट, म्हणजे घनफळ किती पट झालं तो आकडा, १ यायला हवा. ऑयलरला तो पायरीमागे १.०१ येतो, म्हणजे ऊर्जा जितकी फुगली तितकंच घनफळही.

या चाचण्यांना लिहायला फारसा वेळ लागत नाही. साखळ्या चालवून हिस्टोग्राम बघत बसण्यापेक्षा इथे दोष फार लवकर पकडला जातो.

१६ जानेवारी

नमुने काढायला सुरुवात, आणि लगेच एक विचित्र प्रकार. वितरण प्रमाण गॉसियन, पायरी १, प्रवास ६ पायऱ्यांचा. स्वीकाराचा दर शंभर टक्के. दोन्ही चाचण्या पास. आणि साखळी पहिल्या आकड्यावरून तसूभर हललेली नाही.

कारण वरच्याच आकड्यांत आहे. तीन पायऱ्यांत कण १ वरून −१ वर गेला, सहा पायऱ्यांत तो पूर्ण फेरा मारून मूळ जागी येणार, संवेग कोणताही असो. झोपाळा पूर्ण हेलकावा घेऊन परत हातात यावा तसं. ऊर्जेत फरक शून्य, म्हणून स्वीकार नेहमीच.

तीन पायऱ्यांचा प्रवास याहून फसवा. तिथे साखळी एकच आकडा अधिक-उणे, अधिक-उणे करत राहते. सरासरी अगदी शून्य येते, जी बरोबर आहे. फक्त सरासरी बघणारा समाधानाने पुढे जाईल. प्रचरण (प्रमाण विचलनाचा वर्ग) काढलं तर ते निव्वळ सुरुवातीच्या बिंदूवर ठरतं.

उपाय सोपा. दर प्रवासाआधी पायरीला ०.८ ते १.२ मधल्या यादृच्छिक आकड्याने गुणायचं, पायऱ्यांची संख्याही थोडी बदलती ठेवायची. अट एकच: ही निवड कणाच्या आत्ताच्या जागेकडे बघून करायची नाही. ती पाळली नाही तर काय होतं ते फेब्रुवारीच्या नोंदीत आहे.

२३ जानेवारी

लांबट गॉसियन: एका दिशेत प्रमाण विचलन १, दुसरीत ०.०१.

लीपफ्रॉग स्थिर राहायला पायरी आणि कंपनाची वारंवारता यांचा गुणाकार २ च्या आत हवा. अरुंद दिशेची वारंवारता १००, म्हणून पायरी ०.०२ च्या खाली. ०.०२१ केली की काही पायऱ्यांतच आकडे आभाळाला भिडतात, ०.०१९ ला शांत. ही सीमा इतकी धारदार आहे हे स्वतः चालवून बघितल्याशिवाय पटत नाही. मशीन लर्निंगमध्ये ग्रेडियंट डिसेंट करणाऱ्यांना हीच गोष्ट वेगळ्या वेषात माहीत असते: लर्निंग रेट (तिथली पायरी) सर्वाधिक वक्रतेने भागलेल्या २ च्या वर गेला की लॉस (चुकीचं माप) फुटतो.

सुरक्षित ०.०१५ घेतली तर लांब दिशेत पाव फेरा मारायला १.५७ भागिले ०.०१५, म्हणजे नमुन्यामागे सुमारे १०५ ग्रेडियंट. हा खर्च परवडणारा नाही. म्हणून कणाचं वस्तुमान दिशेनुसार बदललं. अरुंद दिशेला १०,००० वस्तुमान दिलं की तिची वारंवारता १ होते, दोन्ही दिशा एका लयीत फिरतात आणि चार-पाच ग्रेडियंटमध्ये काम होतं.

इथे एक दोष बराच वेळ खाऊन गेला. संवेग वस्तुमानाइतक्या प्रचरणाने काढायचा असतो, पण कोडमध्ये तो वस्तुमानाच्या व्यस्ताने निघत होता. उलट प्रवास पास, घनफळ पास, ऊर्जा व्यवस्थित, स्वीकार उत्तम. नमुने मात्र चुकीचे, कारण प्रवास बरोबर असला तरी कणाला सुरुवातीला मिळणारी उष्णताच चुकीची होती. त्यामुळे तिसरी चाचणी जोडली, तिला मी तापमान म्हणतो: संवेगाचा वर्ग भागिले वस्तुमान, याची सरासरी प्रत्येक दिशेत १ यायला हवी. त्या दिवशी अरुंद दिशेत ती दहा कोटींत एक इतकी येत होती. आकडा छापला असता तर दोष पहिल्याच फेरीत दिसला असता.

२ फेब्रुवारी

पायरी आपोआप ठरवायचा भाग. स्वीकाराचा दर ठरावीक आकड्याकडे ओढत न्यायचा. साध्या यादृच्छिक चालीच्या मेट्रोपोलिसला मोठ्या मितींत ०.२३४ हा दर लाभतो. हॅमिल्टनियनला तो ०.६५१ च्या आसपास निघतो. दोन्ही आकडे आदर्श परिस्थितीतले. बेझियन गणनेचं सॉफ्टवेअर स्टॅन ०.८ हा डीफॉल्ट ठेवतं, मीही तोच ठेवला. लहान पायरीला ग्रेडियंट जास्त लागतात, पण वक्र कोपऱ्यांत ती तग धरते.

पायरी आणि वस्तुमान दोन्ही वॉर्मअपमध्येच, म्हणजे नंतर टाकून द्यायच्या सुरुवातीच्या नमुन्यांतच, ठरवा आणि मग गोठवा. मुख्य साखळीत जुळवाजुळव चालू राहिली तर प्रत्येक प्रस्ताव आधीच्या इतिहासावर अवलंबून होतो आणि नमुने नेमके कोणत्या वितरणाचे, हे सांगता येत नाही.

आणखी एक स्वस्त चाचणी हाती लागली: साखळी स्थिरावल्यावर स्वीकार-नकाराच्या आधीचा ऊर्जाफरक घ्या, e चा त्याच्या ऋणाइतका घात काढा, सरासरी १ यायला हवी. सहा पायऱ्यांच्या त्या अडकलेल्या साखळीतही ती १ च येते, त्यामुळे एकटीवर विसंबू नका.

११ फेब्रुवारी

नील यांचा फनेल, म्हणजे नरसाळ्याच्या आकाराचं चाचणीचं वितरण. या सगळ्यात सर्वाधिक वेळ यात गेला आणि गेला ते बरंच झालं.

रचना साधी: एक पॅरामीटर, त्याला 'व' म्हणू, सरासरी ० आणि प्रमाण विचलन ३ चा गॉसियन. बाकीचे नऊ पॅरामीटर गॉसियन, पण त्यांचं प्रचरण म्हणजे e चा 'व' इतका घात. 'व' +६ असेल तर त्यांचं प्रमाण विचलन २०, −६ असेल तर ०.०५. चारशे पटींचा फरक, एकाच वितरणात. वस्तुमान इथे उपयोगाचं नाही, कारण ते सगळीकडे एकच असतं आणि अडचण जागेगणिक बदलते.

पायरी ०.२ ठेवून चालवलं. आरहॅट (वेगवेगळ्या साखळ्या एकाच उत्तरावर आल्या का याचं माप, १ च्या जवळ हवं) वाईट नव्हता, आलेखही भरगच्च दिसत होते. पण 'व' चा हिस्टोग्राम डावीकडे −४.६ च्या आसपास चाकूने कापल्यासारखा. तिथेच का? स्थिरतेचा जुनाच नियम लावा: प्रमाण विचलनाच्या दुपटीपेक्षा पायरी लहान हवी. 'व' −४.६ असताना प्रमाण विचलन ०.१, दुप्पट ०.२. अगदी आपली पायरी. त्याखालच्या मानेत कण शिरला की ऊर्जा उसळते, प्रस्ताव नाकारला जातो, साखळी वरच राहते. खरं वितरण त्या भागात सुमारे ६ टक्के असतं. म्हणजे १०० पैकी ६ नमुने गायब, आणि गायब झालेले नमुने कुठल्याही आलेखात दिसत नाहीत. दिसतो तो फक्त फुटलेला प्रवास. त्यामुळे ऊर्जाफरक १००० च्या वर गेला की त्या प्रवासाची सुरुवातीची जागा नोंदवायची, असं कोडमध्ये घातलं. ते बिंदू आलेखावर टाकले तर ते मानेच्या तोंडाशी गोळा झालेले. कुठे पाणी मुरतंय ते लगेच कळलं.

पहिला उपाय, पायरी लहान करणे: −६ पर्यंत पोचायला ०.१ च्या खाली जावं लागतं, आणि त्याखालीही २.३ टक्के उरतातच. तोवर रुंद भागात तीच पायरी इतकी तोकडी पडते की कण जागचा हलत नाही. दोन्हीकडून मार.

दुसरा उपाय मोहात पाडणारा होता: जागा बघून पायरी बदलायची, मानेत लहान, वर मोठी. फुटणं थांबलं, हिस्टोग्राम डावीकडे पसरला. पण उलट प्रवासाची चाचणी साफ नापास. जाताना रुंद भागातली पायरी, येताना मानेतली. परतीची वाट निराळी. स्वीकार-नकाराचं गणित ज्या समतोलावर उभं आहे तोच इथे मोडतो. हा मार्ग सोडला. हे करण्याच्या रीतसर पद्धती आहेत, त्यांत वस्तुमान जागेनुसार बदलतं, पण मग प्रत्येक पायरीला समीकरण सोडवावं लागतं आणि खर्च वाढतो.

१५ फेब्रुवारी

तिसरा उपाय चालला. कणाला अवघड जागी हाकलण्याऐवजी जागाच सपाट करायची. नऊ पॅरामीटर थेट न घेता नऊ प्रमाण गॉसियन घ्या आणि त्यांना e च्या 'व' च्या अर्ध्याइतक्या घाताने गुणून मूळ पॅरामीटर बनवा. नव्या चलांत सगळं वितरण म्हणजे सुटसुटीत गॉसियन. फुटणं शून्यावर, डावी बाजू भरली, −६ खालचे नमुने २.३ टक्क्यांच्या जवळ.

हेच रुबिन यांच्या १९८१ च्या आठ शाळांच्या माहितीवर करून पाहिलं: शिकवणीचा परिणाम २८, ८, −३, ७, −१, १, १८, १२ आणि प्रमाण चुका ९ ते १८. माहिती तोकडी, शाळांमधला फरक शून्याजवळ असण्याची शक्यता मोठी, त्यामुळे मधोमध फनेलच. थेट मांडणीत प्रवास फुटत होते, बदललेल्या मांडणीत जवळपास नाहीत. उलटही खरं आहे: प्रत्येक गटात भरपूर माहिती असेल तर थेट मांडणीच बरी चालते. दोन्ही लिहून ठेवा आणि फुटणं मोजा.

२६ फेब्रुवारी

छोटं न्यूरल नेटवर्क, एकच लपलेला थर, ५ टॅनएच युनिट (टॅनएच म्हणजे आत चिन्ह उलटलं की बाहेरही उलटणारं फलन). चार साखळ्या, आणि वजनांचा आरहॅट भयानक. दोन दिवस पायरी आणि वस्तुमान ढवळण्यात गेले. त्याची गरजच नव्हती. पाच युनिटांची अदलाबदल १२० प्रकारे होते, प्रत्येकाची चिन्हं उलटवता येतात म्हणून वर ३२ पट, एकूण ३,८४० जागी तेच नेटवर्क. साखळ्या वेगवेगळ्या प्रतींत बसल्या होत्या. आरहॅट वजनांवर न काढता भाकितांवर काढला, १.०१ च्या खाली.

हे झाल्यावर निश्चिंत होऊ नये. प्रती सारख्या असतात, पण खरोखर वेगळी उत्तरं देणारी खोरीही असू शकतात आणि ती भाकितांतच दिसतात. एक साखळी भाकितांतही वेगळी निघाली तर तिला 'बिघडलेली' म्हणून वगळू नका.

५ मार्च

मोठी माहिती घेतली, ग्राफिक्स कार्डावर, एकेरी अचूकतेत. स्वीकाराचा दर घसरला आणि पायरी लहान करूनही वर येईना. हे विपरीत होतं, पायरी लहान केली की ऊर्जाफरक घटायलाच हवा.

ऊर्जाफरकांची यादी छापली: ०.०६२५, −०.१२५, ०.१८७५, ०, ०.०६२५. सगळे एक सोळांशाच्या पटीत. एकूण ऊर्जा सात-आठ लाखांच्या घरात होती, आणि त्या पट्ट्यात एकेरी अचूकतेच्या लागोपाठच्या दोन आकड्यांमधलं अंतर नेमकं ०.०६२५. त्यात लाखो पदांच्या बेरजेची घासाघीस वेगळी. पायरी कितीही लहान करा, या खरखरीच्या खाली जाता येत नाही.

उपाय: प्रत्येक नोंदीचा जुना-नवा फरक आधी काढायचा आणि फरकांची बेरीज दुहेरी अचूकतेत करायची. ग्रेडियंट एकेरीतच ठेवला, वेगाचा फायदा राहिला. स्वीकार पूर्ववत. लोक अशा वेळी आधी मॉडेलवर संशय घेतात. आधी ऊर्जाफरक जसेच्या तसे छापा.

१४ मार्च

मिनीबॅच. दर पायरीला सगळी माहिती चाळण्याऐवजी तुकडा घ्यायचा. लर्निंगमध्ये हे रोजचं आहे, इथे मात्र तुकड्याचा ग्रेडियंट म्हणजे कणाला बसणारे यादृच्छिक धक्के. तापमानाची चाचणी लावली: प्रवास जितका लांब तितकं ते वर चढत जातं, थांबत नाही. स्वीकार-नकाराने हे आवरता येईल, पण त्यासाठी सगळी माहिती वाचावी लागते, मग तुकड्याचा फायदा उरला कुठे.

घर्षण घातलं, २०१४ मध्ये चेन, फॉक्स आणि गेस्ट्रिन यांनी सुचवलं तसं: धक्के ऊर्जा देतात, घर्षण काढून घेतं, आणि जोडीला आपण घालायचा आवाज धक्क्यांच्या अंदाजाइतका कमी करायचा. तापमान स्थिरावलं, पण १ च्या वर. पायरी निम्मी केली की जादाचा भाग साधारण निम्मा होतो, म्हणजे चूक राहतेच, फक्त लहान होते.

ही चूक किती हे समजायला घर्षणाचं टोक घ्या: संवेग नाहीच, ग्रेडियंट आणि आवाज एवढंच, स्वीकार-नकार नाही. प्रमाण गॉसियनवर, पूर्ण ग्रेडियंट असतानाही, ०.५ च्या पायरीला प्रचरण १ भागिले ०.७५, म्हणजे १.३३ येतं. हे कागदावर निघतं आणि कोडमधूनही तेच आलं. तुकड्याचा आवाज याच्या वर. प्रचरण एक तृतीयांशाने, म्हणजे अनिश्चिततेचे पट्टे सुमारे १५ टक्क्यांनी फुगलेले असतील आणि साखळी कुठेही कुरकुर करणार नाही.

माझा निर्णय: माहिती आटोक्यात असेल तर पूर्ण ग्रेडियंट आणि स्वीकार-नकार. तुकडे घ्यावेच लागले तर दोन पायऱ्यांवर चालवून उत्तर किती सरकतं ते निकालासोबत छापायचं.

२१ मार्च

आता उरलेलं काम. प्रायरमधून, म्हणजे माहिती पाहण्याआधीच्या वितरणातून, पॅरामीटर काढायचे, त्यांवरून खोटी माहिती बनवायची, ती सॅम्पलरला द्यायची आणि खरा पॅरामीटर नमुन्यांत कितव्या क्रमांकावर येतो ते मोजायचं. क्रमांक सपाट पसरायला हवेत. गॉसियन आणि आठ शाळांच्या रचनेवर ते सपाट आले. फनेलच्या थेट मांडणीवर ही चाचणी मुद्दाम चालवतो आहे, कारण जिथे ती नापास व्हायलाच हवी तिथे ती खरोखर नापास होते की नाही हे बघायचं आहे. नेटवर्कवर अजून लावलेली नाही; तिथे क्रमांक वजनांचे न लावता भाकितांचे लावावे लागतील.